आभाराचे फोन

माझ्या हुद्द्याचं नाव प्रॉडक्ट ओनर. नावात मालकी आहे, पण मालकीची म्हणाल तर टेबलावरची पाण्याची बाटली तेवढी माझी होती. तरी एक गोष्ट खरोखर माझ्या हातात होती. दर पंधरा दिवसांनी, एक 'स्प्रिंट' संपला की, आमची सात जणांची टीम झालेलं काम भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायची, आणि ते बघून एकाच माणसाने एक शब्द म्हणायचा असे: "स्वीकारलं." तो माणूस म्हणजे मी. मी म्हटल्याशिवाय काही पुढे जात नसे. मी म्हटलं की ते चाळीस हजार लोकांच्या गळ्यावर जाऊन बसे.

हा शब्द मी सहा वर्षांत किती वेळा म्हटला ते मोजलेलं नाही. त्यातले चार मला परत गिळता आले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते.

आम्ही करत होतो ती एक पट्टी, नाव 'अनुनाद'. गळ्याच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं त्यांच्यासाठी. स्वरयंत्र गेलं तरी माणसाचं बोलणं थांबत नाही. मेंदू हुकूम सोडतच राहतो. जीभ वळते, ओठ मिटतात, हनुवटीखालचे स्नायू आखडतात, फक्त आवाज होत नाही. त्या वेळी त्या स्नायूंत अगदी क्षीण वीज खेळते. पट्टीतले बत्तीस संवेदक ती टिपतात, माणूस काय म्हणू बघतोय त्याचा अंदाज बांधतात आणि ते त्याच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवतात. जुना आवाज लग्नाच्या व्हिडिओतून, व्हॉट्सॅपच्या निरोपांतून, जिथून मिळेल तिथून घ्यायचा.

मी अंदाज म्हटलं, कारण तो अंदाजच असतो. स्नायूंतली वीज स्वच्छ नसते. गिळताना, खोकताना ती गढूळ होते. म्हणून पट्टी प्रत्येक वाक्याचे पाच अंदाज काढते आणि प्रत्येकाला टक्के देते. एकाला साठ, दुसऱ्याला वीस, असं. लांब वाक्य असलं की एका शब्दाला दुसऱ्याचा आधार मिळतो आणि अंदाज पक्का होतो. आखूड शब्दाला तो आधार नसतो. नको. थांब. सोड. हे शब्द एका झटक्यात संपतात, वीज उमटते न उमटते तोच. आणि माणसाला जीव तोडून काही सांगायचं असतं तेव्हा तो असेच शब्द वापरतो. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. डोकी सात होती आणि सगळी हुशार होती.

आमच्या धंद्यात प्रत्येक गरज एका कार्डावर एका वाक्यात लिहायची रीत आहे. कोणाला हवंय, काय हवंय, कशासाठी हवंय. पाच वर्षं माझी कार्डं एकाच शब्दाने सुरू व्हायची: 'रुग्ण म्हणून मला हवं की...' पण समाधानाचे फॉर्म भरून यायचे ते घरच्यांकडून. रुग्ण दमलेले असायचे, फॉर्म कोण भरणार? आणि घरच्यांचं म्हणणं होतं की माणूस बोलायला लागला खरा, पण फार तोडून बोलतो. एका सुनेने लिहिलं होतं, 'सासरे तीन महिने गप्प होते तेच बरं होतं.' ते वाचून आम्ही सगळे हसलो होतो. मग मी एक कार्ड लिहिलं.

'घरची व्यक्ती म्हणून मला हवं की रुग्णाचं बोलणं सौम्य व्हावं, म्हणजे घरात शांतता राहील.'

सोयीचं नाव ठेवलं 'सौम्य स्वर', आणि सुरुवात निरुपद्रवी होती. दोन अंदाजांत पाच टक्क्यांहून कमी फरक असेल तर त्यातला सौम्य तो बोलायचा. म्हणजे 'गप्प बस' आणि 'जरा बस' यांत 'जरा बस'. समाधानाचा आकडा वर गेला. मग फरक दहा टक्क्यांचा केला, मग वीसचा. दिवाळीच्या सुमाराला नियम असा झाला की पाच अंदाजांत दहा टक्क्यांच्या वरचे जे असतील त्यांतला सगळ्यात गोड तो उचलायचा. चार वेळा पडद्यावर दाखवलं गेलं. चार वेळा मी म्हटलं, "स्वीकारलं."

आमच्या टीममध्ये चाचणीचं काम बघायची तबस्सुम शिकलगार. मिरजेची, बोलायला मोजकी. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, ही घरच्यांची पट्टी झाली. पेशंटची कुठं राहिली?"

"तू कार्ड टाक ना," मी म्हटलं. आमच्यात एखाद्याला गप्प करायची ही सभ्य तऱ्हा आहे.

तिने टाकलं: पट्टीचा पहिला, म्हणजे सगळ्यात जास्त टक्क्यांचा अंदाज काय होता ते मोबाइलवर दिसावं, एवढीच मागणी. करायच्या कामांच्या यादीत त्याचा नंबर लागला त्रेचाळीसवा. यादीचा क्रम ठरवणारी मीच. आणि ज्या कार्डाला तीन महिने कुणी हात लावत नाही ते यादीतून आपोआप गळतं, हा नियमही माझाच. तबस्सुमचं कार्ड दोनदा गळलं. दोनदा तिने ते परत टाकलं. दोन्ही वेळा मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की घेऊ."

आता आण्णांचं सांगते. आण्णा म्हणजे माझे वडील, यशवंत चौगुले. कोल्हापूरकडच्या जत्रांत कुस्तीचं मैदान भरलं की माईकवर बोलायचे. कोण पैलवान, कुठल्या तालमीचा, कुठला डाव पडला, सगळं न थांबता चार-चार तास. शाळा चौथीपर्यंत, सहीपुरती अक्षरं येतात, त्यापुढे नाही. तोंडात अखंड तंबाखू. दीड वर्षापूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढलं, आणि पट्टी मीच माझ्या हाताने त्यांच्या गळ्याला चिकटवली. आवाज मैदानातल्या रेकॉर्डिंगमधून घेतला, त्यामुळे त्याला कर्ण्याचा बारीक घुमारा होता.

आमचं दोघांचं फारसं बरं नव्हतं. मी नवऱ्याला सोडून आले तेव्हा आण्णांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी माझी पूजा बांधली होती. त्यानंतर मी फोन करायची तो भावाला, रणजितला. महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी तो आण्णांच्या हातात द्यायचा. "काय गं ए, हाईस का मेलीस?" एवढं म्हणून ते परत रणजितकडे द्यायचे.

दिवाळीनंतर एक दिवस फोनवर आण्णांचा तोच घुमणारा आवाज म्हणाला, "बाळ, जेवलीस का? दमली असशील."

बेचाळीस वर्षांत त्यांनी मला बाळ म्हटलं नव्हतं. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. दुसऱ्या दिवशी परत फोन केला, तिसऱ्या दिवशीही. रोजच करायला लागले. माझ्या वडिलांच्या तोंडी 'दमली असशील' अशी पुस्तकी भाषा कुठून आली, असं एकदाही मनात आलं नाही. आलं असेल तर मी ते येऊ दिलं नाही. आवडतं ते कोण तपासून बघतं? मी ते बोलणं जपून ठेवत गेले, आणि कंपनीच्या मोठ्या बैठकीत त्यातलं एक लावून दाखवलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत आण्णांचं दुखणं जिभेच्या मुळाशी उलटलं. डॉक्टरांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे डॉक्टर, रणजित आणि खाटेवर आण्णा. इकडे पुण्यात मी. डॉक्टरांनी नीट सांगितलं. जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. काढली तर दोन-तीन वर्षं मिळतील, जेवण पोटातल्या नळीने. नाही काढली तर पाच-सहा महिने. आणि जीभ गेली की पट्टीला टिपायला काही उरणार नाही, बोलणं कायमचं बंद.

"आजोबा, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले.

घुमणारा आवाज म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

आण्णांचा उजवा हात खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटत होता. आधीच्या ऑपरेशनपासून मान आखडलेली, त्यामुळे डोकं हलवता यायचं नाही. डोळे मात्र ताणलेले होते.

"घाबरलेत," डॉक्टर म्हणाले.

"हल्ली असंच करत्यात," रणजित म्हणाला. "पट्टी काढून फेकत्यात, मी परत चिकटवतो." आणि त्याने आण्णांचा हात दोन्ही हातांनी दाबून धरला. मी पडद्यातून म्हटलं, "आण्णा, सगळं बरं होईल हं." पुढच्या सोमवारी ऑपरेशन ठरलं.

गुरुवारी मी तिमाहीचं सादरीकरण तयार करत होते. त्यात एक आलेख होता आणि माझा त्याच्यावर फार जीव होता. आमच्या मदतकेंद्राला येणारे तक्रारींचे फोन दिवाळीनंतर जवळजवळ बंद झाले होते आणि नुसते आभार मानायला येणारे फोन चौपट झाले होते. मी तो तबस्सुमला दाखवला.

तिने खालचे आकडे बोट ठेवून वाचले. मग म्हणाली, "मॅडम, हे फोन पेशंट कशावरून करतात?"

"म्हणजे? फोनवरून."

"बोलतात कशातून?"

मी आलेखाकडे परत बघितलं.

"नुसतं आभार मानायला एकच माणूस महिन्यात अकरा वेळा फोन करतो का?" तिने यादी माझ्यासमोर सरकवली. सगळ्यात जास्त वेळा आभार मानणाऱ्यांत तिसरा नंबर कोल्हापूरचा होता. तो आमच्या घरचा नंबर होता. मोबाइल लावता येत नाही म्हणून रणजितने आण्णांना मदतकेंद्राचं एक मोठं बटण करून दिलं होतं.

पट्टीविषयीची तक्रार माणूस पट्टीतूनच करत होता, आणि आम्ही ती गोड करून ऐकत होतो. वापरणाऱ्याचं म्हणणं ऐकायचं, एवढ्याच एका कामाचा मला पगार होता.

पाचही अंदाज तीस दिवस साठवून ठेवलेले असतात. तबस्सुमने आण्णांच्या अकरा फोनांचे पहिले अंदाज काढले. वाचून दाखवताना तिचा आवाज सपाट होता.

"'आपल्या सेवेबद्दल आभारी आहे' असं पट्टी बोलली तिथं पहिला अंदाज आहे, 'ह्यो मी न्हवं.' एक्काहत्तर टक्के. पुढच्या फोनात, 'बंद करा ही पट्टी.' चौसष्ट टक्के. मग तीन वेळा नुसत्या शिव्या आहेत, त्या वाचत नाही. मग, 'माझ्या पोरीला सांगा. ती तितंच हाय.'"

"पुढे?"

"शेवटच्या सहा फोनांत हेच आहे. पोरीला सांगा."

मग तिने डॉक्टरांच्या कॉलची नोंद उघडली. पहिला अंदाज, 'नगं', अठ्ठावन्न टक्के. त्याच्याखाली 'नगं म्हंतो न्हवं', सतरा. तिसरा, अकरा टक्क्यांवर, 'तुम्ही म्हणाल तसं.' दहाच्या वर होतं ना, नियमात बसत होतं.

मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. परत आले तेव्हा तबस्सुमने माझी पाण्याची बाटली पुढे केली. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

आमचे वरिष्ठ सबनीस यांच्याकडे मी तशीच गेले. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शांतपणे ऐकायचं त्यांनी कुठलंसं प्रशिक्षण घेतलं होतं.

"गंभीर आहे," ते म्हणाले. "कार्ड लिही. पुढच्या स्प्रिंटला वर घेऊ."

"पुढचा स्प्रिंट सोमवारी सुरू होतो, सर. काम करून बाहेर पडायला महिना. सौम्य स्वर आत्ता बंद करू या. सगळ्यांचाच."

"चाळीस हजार घरांत एकदम? लोक काय म्हणतील ते समजतंय का तुला?" मग ते मवाळ हसले. "आणि वृषाली, ते स्वीकारलं कुणी होतं?"

त्यांच्या गळ्यावर पट्टी नव्हती, तरी ते तसंच बोलत होते. मीही सहा वर्षं तसंच बोलत आले होते. 'पुढच्या वेळी नक्की घेऊ.' त्या खोलीत मला माणसांपेक्षा त्या गोड आवाजाची शिसारी आली.

तबस्सुमने तिच्या चाचणीच्या मोबाइलमधली सोय माझ्या मोबाइलवर घातली. त्या सोयीने एकाच पट्टीपुरता सौम्य स्वर बंद होऊन नुसता पहिला अंदाज बोलला जायचा. "अडखळेल," ती म्हणाली. "चुकेलही. पण काय असेल ते त्यांचं असेल."

शनिवारी सकाळी दहाला मी कोल्हापुरात पोचले. आण्णांनी पट्टी काढून उशाखाली कोंबली होती. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून कफ येत होता. रणजितची बायको फडकं घेऊन आली, ते मी तिच्या हातातून घेतलं. आधी मला याची घाण वाटायची, मी तोंड फिरवायची. त्या दिवशी पुसून काढलं आणि काही वाटलं नाही. पट्टी लावायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. पैलवानाचं धरतात तसं धरलं.

"आण्णा, बदललीय. एकदा बोलून बघा. फक्त एकदा."

त्यांनी हात सोडला. ओठ हलले. पट्टी खरखरली.

"भाड्या," घुमणारा आवाज म्हणाला.

आण्णांचे डोळे मोठे झाले. त्यांनी परत तोच शब्द म्हटला, मग त्याहून सरस दुसरा, मग तिसरा. चार महिन्यांच्या तुंबलेल्या शिव्या त्यांनी रणजितला, डॉक्टरांना, मला आणि आमच्या कंपनीला दिल्या. मध्येमध्ये शब्द तुटत होता, एखादा चुकत होता, की ते थांबून पुन्हा म्हणायचे. रणजित दारात येऊन उभा राहिला. ओळखीचं माणूस गावाहून परत आल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

दम लागल्यावर ते थांबले. मी विचारलं, "आण्णा, सोमवारचं ऑपरेशन?"

"नगं."

"आण्णा, मग... मग जगायचा न्हाईस तू," रणजित म्हणाला.

"मरतो की. बोलत मरतो." आणि मग, "जीभ न्हिऊ नगा."

रणजित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला ओरडावंसं वाटलं की नका ऐकू यांचं, दोन वर्षं मिळतायत. तो अकरा टक्क्यांचा अंदाज माझ्याही मनात होताच. मला जे ऐकायला बरं तेच त्यांनी म्हणावं असं मलाही वाटत होतं. मी डॉक्टरांना फोन लावला, मोबाइल आण्णांच्या छातीवर ठेवला आणि त्यांनाच बोलू दिलं. तीनदा म्हणावं लागलं, पण डॉक्टरांना कळलं. त्यांनी सोमवारची वेळ रद्द केली.

दुपारी रणजित औषधं आणायला गेला. मी खाटेशी बसले. "आण्णा, ते सगळं मीच केलं होतं. त्या पट्टीचं."

"ठावं हाय. तुझ्या हापिसातलंच न्हवं त्ये?"

"माझं चुकलं."

त्यांनी नजर वर पंख्याकडे वळवली. मग पट्टी बोलली, अगदी हळू, मध्ये एकदा अडखळून.

"त्या पट्टीतल्याला रोज फोन केलास. मला कवा केलास?"

उत्तर त्यांनी मागितलं नाही. डोळे मिटून घेतले.

सोमवारी मी पडद्यासमोर बसले आणि दाखवलेल्या कामातलं काहीच स्वीकारलं नाही. प्रॉडक्ट ओनरने नाही म्हटलं की काम अडतं, असं नियमात आहे. ते दीड दिवस अडलं. बुधवारी त्यांनी माझ्या जागी दुसरा प्रॉडक्ट ओनर नेमला. सौम्य स्वर अजून चालू आहे. तबस्सुमने आणि मी मिळून वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या कचेरीत सगळ्या नोंदींसह अर्ज दिलाय, चौकशी चालू आहे असं पत्र आलं. पत्राची भाषा फार सौम्य आहे. तबस्सुम अजून तिथेच आहे. तिचं कार्ड तिसऱ्यांदा गळलं, तिने चौथ्यांदा टाकलंय.

मी कोल्हापूरला फोन रोज करते. "काय गं ए, हाईस का मेलीस?" आण्णा म्हणतात. मी म्हणते, आहे. मग ते कुणालातरी शिव्या देतात, दुखतंय म्हणतात, आणि बोलायचं संपलं की सरळ म्हणतात, "ठेव आता." कधी दीड मिनिट, कधी दोन. डॉक्टरांनी सांगितलेल्या सहा महिन्यांतला हा चौथा चाललाय.

फोन ठेवला की मोबाइलमध्ये ती जपून ठेवलेली एकवीस रेकॉर्डिंग दिसतात. बाळ, जेवलीस का. दमली असशील. पुसून टाकायची म्हणून रोज उघडते. त्या आवाजाची मला शिसारी येते, आणि मी तो ऐकते.